मामांची डिझेल गाडी

तिला दुकानात जाऊन फक्त तीन वाक्यं बोलायची होती. "हा डबा द्या." "बिल द्या." "येते." बस, एवढंच. वाटेत चालता चालता तिने ती दोनदा पुटपुटूनही बघितली होती. आता याला काय अक्कल लागते, तुम्हीच सांगा!

पण काउंटरमागच्या माणसाने मान वर केली, हसला... आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत जायची वेळच आली नाही.

"हा चंदेरी डबा द्या," ती म्हणाली.

"कुठल्या गाडीसाठी?"

झालं! हा प्रश्न तिच्या पाठांतरात नव्हता. ती गडबडली. बाहेर वारा सुटला होता, दाराची काच थरथरत होती, तिची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती आणि समोरचा माणूस कोपरापर्यंत बाह्या दुमडून उत्तराची वाट बघत उभा होता. अशी वाट, की जगात त्या घडीला या गाडीपेक्षा महत्त्वाचं काही नसावं.

"मामांच्या," ती म्हणाली.

"बरं. मामांची गाडी पेट्रोल की डिझेल?"

आता त्याने असं थेट डोळ्यांत बघून विचारायची काही गरज होती का? पण त्याने विचारलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डि... डिझेल."

अरे देवा! ही मुलगी कोण, माहीत आहे? इंजिन ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तिची पाच वर्षं गेलेली. झोपेतून उठवून विचारलं तरी डब्यावरच्या शिक्क्याचा अर्थ घडाघडा सांगेल. चंदेरी डब्यातलं तेल पेट्रोलच्या गाडीचं, हे तिला सांगायला कुणी नको होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घेणार?

त्याने शेल्फकडे गेलेला हात मागे घेतला.

"मग हा डबा मी तुम्हाला देणार नाही."

"का?"

"इकडे बघा." त्याने शेल्फावरून डबा काढून काउंटरवर ठेवला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. "हा गोल शिक्का. मधे लिहिलंय ते तेल किती पातळ, किती दाट. आधीचा आकडा थंडीत ते कसं वाहील त्याचा, नंतरचा तापल्यावर कसा जोर धरील त्याचा. आणि वर ही दोन अक्षरं. पहिलं 'एस' असलं की पेट्रोल, 'सी' असलं की डिझेल. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. हे आहे एसपी. म्हणजे मामांसाठी नाही."

हे सगळं ती स्वतः नवीन लोकांना शिकवायची. पण शिकवताना तिच्या आवाजात तारखा-सनावळ्यांचा कंटाळा असायचा. हा मात्र असं सांगत होता की जणू लहान मुलाला घड्याळ वाचायला शिकवतोय. आणि ती खरंच ऐकत होती, वेड्यासारखी, मान डोलवून.

"गाडी नवी असेल तर मामांना विचारा, धूर गाळणारा फिल्टर आहे का. असला तर कमी राखेचं तेल लागतं. नाहीतर फिल्टर तुंबतो. गाडीचं पुस्तक असेल ना, त्यात लिहिलेलं असतं."

"तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढं सांगता?"

"छे. जे ऐकतात त्यांना." त्याने पाठ वळवून शेल्फावरचे डबे सारखे केले. "तुम्ही जरा जास्तच छान ऐकता."

तिचे कान गरम झाले. "आणि एवढं बोलून विकलं काहीच नाही! दुकान चालतं कसं?"

"बाबाही रोज हेच विचारतात."

मागच्या बाजूला स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांनी पत्रामागूनच खाकरून दुजोरा दिला. ती हसली, "येते" म्हणाली आणि रिकाम्या हाताने बाहेर पडली. तीनपैकी तेवढं एक वाक्य तरी बरोबर जागी पडलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. पांढरे केस, चष्म्याला साखळी, आणि नजर अशी की काचेच्या नळीतलं तेलसुद्धा नीट उभं राहावं.

"डबा?"

"दिला नाही त्याने."

"दिला नाही म्हणजे? संपला?"

"नाही... मामांच्या गाडीला चालणार नाही म्हणाला."

"कोणाचे मामा?"

"माझे."

"तुला मामा आहेत?"

"नाहीत, बाई."

बाईंनी चष्मा काढला. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तिकडे नुसतं बघितलं आणि हसू जागच्या जागी बंद झालं.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती. गावातल्या दोन दुकानांत हाच चंदेरी डबा नकली निघाला होता. वापरलेलं काळं तेल गाळायचं, रंग द्यायचा, डब्यात भरायचं आणि वर हुबेहूब तसाच शिक्का छापायचा. घेणारा बिचारा शिक्का बघून घेतो आणि सहा महिन्यांत इंजिन बसतं. त्या दोन्ही दुकानांची एजन्सी गेली, शटरला कुलपं लागली. आता हा डबा ठेवणाऱ्या प्रत्येक दुकानातून एक डबा गुपचूप विकत आणायचा होता. आपण कोण, हे सांगायचं नाही हा नियम. खरेदीचं काम नेहमी करणारे गृहस्थ पाय मुरगळून घरी बसले होते, म्हणून हे तिच्या गळ्यात पडलं.

"उद्या परत जा," बाई म्हणाल्या. "अख्ख्या जगात दुकानदार विकायला बसतात. तुझ्याच वाट्याला ही नकारघंटा कशी आली?"

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा काउंटरपाशी एक टॅक्सीवाला हुज्जत घालत होता.

"मला ते जाड तेल दे. जाड तेवढं चांगलं."

"दादा, जाड असते म्हणून भर उन्हात रजई पांघरता का तुम्ही?" दुकानदार शांतपणे म्हणाला. "सकाळी गाडी चालू केली की तेल वरपर्यंत चढायला नको? तुमच्या इंजिनाला हे पातळच सांगितलंय. जाड तेल चढेपर्यंत ते बिचारं कोरडंच घासत बसेल."

टॅक्सीवाल्याने डोकं खाजवलं, पातळ तेल घेतलं आणि जाताना वर "उपकार झाले" म्हणून गेला. ती बघतच राहिली. महागातलं तेल खपवायची चालून आलेली संधी या माणसाने हसत हसत घालवली होती. किती साधेपणाने! तिला त्याचं इतकं कौतुक वाटलं की आपण इथे का आलोय हेच क्षणभर विसरायला झालं.

"या, भाचीबाई!" त्याचा चेहरा उजळला. "काय म्हणतात मामा?"

"आज मामांसाठी नाही. आमच्या शेजाऱ्यांची पेट्रोलची गाडी आहे. तो चंदेरी डबा द्या."

तो काउंटरवर कोपरं टेकून पुढे झुकला. "भाचीबाई, खरं सांगा हं. मामांनीच पाठवलंय ना? 'त्या दीडशहाण्याचं ऐकू नकोस, तोच डबा घेऊन ये' असं म्हणाले ना?"

"मामा असं बोलत नाहीत!" ती फणकारली. नसलेल्या मामांची बाजू घेताना तिला आवेशच चढला. "ते फार... फार शांत आहेत."

"मिशा आहेत?"

"आहेत थोड्या."

"मग हट्टी असणार."

"मिशांचा आणि हट्टाचा काय संबंध?"

"मला मिशा नाहीत, बघा. म्हणून मी किती गरीब."

"गरीब? दोन दिवस मला एक डबा मिळत नाहीये!"

तो मोकळेपणाने हसला. मग काउंटरखाली वाकून त्याने एक निळा डबा काढला. वर पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत 'मामा' असं लिहिलं होतं.

"कमी राखेचं, डिझेलचं. शेवटचा होता, म्हणून बाजूला काढून ठेवला. पण असा नाही देणार. आधी पुस्तक बघीन, मग देईन. त्यापेक्षा मामांनाच गाडीसकट घेऊन या ना. मी स्वतः भरून देतो." आणि मग जरा हळू आवाजात, डब्यावरची नसलेली धूळ पुसत तो म्हणाला, "म्हणजे... तुम्हीही याल."

वाऱ्याने दार उघडलं आणि आपोआप मिटलं.

एवढ्यात त्याला कुठेतरी माल पोचवायचा होता. तो बाहेर गेला, दुकानाची जुनी व्हॅन त्याने चालू केली आणि इंजिनातून आवाज आला... टक, टक, टक, टक.

"ही तुमची गाडी? हिच्यात कुठलं तेल घालता?"

पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली. "डब्यांच्या तळाशी थोडं थोडं उरतं ना... कुठलंही असो. वाया कशाला घालवायचं, म्हणून..."

"काय?" तिच्या जिभेवर अख्खं व्याख्यान आलं होतं. लोकांच्या गाडीची पुस्तकं मागणारा हा शहाणा, आणि स्वतःच्या व्हॅनला उष्टं-खरकटं! पण बोलली असती तर पितळ उघडं पडलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले. तो निघून गेला आणि ती टकटक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली.

घरी परतताना आपण या माणसात गुंतलोय हे तिला कळायला आता दुर्बीण नको होती. पण मग दुसरा विचार आला. तो चंदेरी डबा नकली निघाला तर? त्याने मुद्दाम ठेवलेला नसेल, तो तसला नाहीच. पण वरच्या व्यापाऱ्याने त्यालाही फसवलं असेल तर? कुलूप लागताना कोण बघणार होतं कुणाचा स्वभाव कसा आहे ते?

एक शब्द पुरला असता. "तुमचे चंदेरी डबे जरा बघून घ्या हं," एवढंच म्हटलं असतं तर तो सावध झाला असता, माल परत पाठवला असता, दुकान वाचलं असतं. आणि ती? इतरांच्या खरेपणावर शिक्का मारणारी स्वतः खोटी ठरली असती. रात्रभर तिने कूस बदलली. सकाळी उठून ती सरळ बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, त्या दुकानात आता मी जाणार नाही."

"का? परत नकारघंटा?"

"नाही." तिने पदराचं टोक असतं तर पिळलं असतं, ओढणी होती म्हणून ओढणी पिळली. "आता त्याने मला नकार देऊ नये असं वाटायला लागलंय, बाई."

बाईंच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

नंतर त्या पुन्हा बाई झाल्या. "निकाल लागेपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. निरोप नाही, फोन नाही. तेलाच्या तपासणीलाही हात लावायचा नाहीस."

"हो."

"आणि डबा नकली निघाला तर?"

"तर कुलूप लागायच्या आधी मीच जाऊन त्याला सांगेन, की मी कोण आहे ते."

बाईंनी पर्स उचलली. त्यांच्याकडे खरीखुरी गाडी होती, तीही पेट्रोलची, आणि तिला तेच तेल लागायचं.

दुपारी त्या परतल्या तेव्हा हातात चंदेरी डबा होता आणि गाल लाल झाले होते. "काय माणूस आहे गं! माझ्या गाडीचं पुस्तक मागितलं. बॉनेट उघडायला लावलं. मी इतकी वर्षं या धंद्यात, मला शिक्का वाचायला शिकवला! आणि गंमत म्हणजे मी ऐकूनही घेतलं." डबा दुसऱ्या सहकाऱ्याच्या हवाली करून त्या तिच्याजवळ आल्या. "निघताना विचारत होता, डिझेल गाडीवाले मिशीवाले मामा आणि त्यांची भाची कुठे दिसले का? येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो म्हणे. आपण फार बोललो, ती रागावली, असं वाटतंय त्याला."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डोळे का भरून आले ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग सुरू झालं वाट बघणं. शेजारच्या खोलीत यंत्रं घुमायची. तेल गारठवून बघायचे, तापवून बघायचे, जाळून राख मोजायचे. ती भिंतीच्या अलीकडे बसून दुसऱ्याच नमुन्यांची कामं करायची आणि त्यातल्या दोनांची आकडेवारी चुकवून पुन्हा पहिल्यापासून करायची. सहकारी समोरून जाताना तोंडावर मुद्दाम कोरा भाव आणायचा. मेला!

शेवटी एका संध्याकाळी बाई तिच्या टेबलापाशी आल्या.

"जा."

"म्हणजे?"

"म्हणजे जा! शिक्क्यावर जे लिहिलंय तेच आत आहे. अगदी तंतोतंत. तुझी नकारघंटा बावनकशी आहे." आणि ती धावत सुटणार एवढ्यात म्हणाल्या, "यापुढे त्या दुकानातला डबा आणायचा तो मीच. तुझा काही भरवसा नाही."

ती हसली. पण रस्त्यात चालता चालता तिचं हसू मावळलं. त्याच्या डब्यात आणि शिक्क्यात फरक नव्हता. आणि तिच्यात? बाहेर लिहिलेलं 'भाची', आत भलतंच. म्हणजे या सगळ्यात नकली डबा कोण निघालं होतं? तीच! आणि नकली माल दारात उभा करायचा नाही, हे तर त्याचं ब्रीद. तो काय म्हणेल या भीतीने दुकानाच्या पायरीवर तिचा पाय थबकला.

त्याने काचेतून तिला पाहिलं आणि तो काउंटर ओलांडून जवळजवळ धावतच आला.

"आलात! मला वाटलं... बरं, मामा कसे आहेत? गाडी बंद नाही ना पडली?"

"मामा... मामा नाहीत."

त्याचा चेहरा पडला. "अरेरे! कधी?"

"अहो, नाही! म्हणजे मामा कधी नव्हतेच!"

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. प्रयोगशाळा, नकली डबे, तीन वाक्यं, पाठांतरात नसलेला तो एक प्रश्न. एकदाही न थांबता, नजर जमिनीवर ठेवून. तिचं संपलं तेव्हा मागच्या वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी नकली माल विकतो का, ते बघायला येत होतात तुम्ही." त्याच्या आवाजातलं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"पहिल्या दिवशी, हो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही त्याचसाठी निघाले होते." तिने मान वर केली. "पण पोचले तेव्हा तुम्हालाच बघायला आले होते. ते मला टॅक्सीवाला गेल्यावर कळलं. म्हणून तर मी ते काम सोडलं. माझ्या हातून तुमच्यावर मेहेरबानी झाली असती, नाहीतर अन्याय. दोन्ही मला चाललं नसतं."

पट्टीवर 'मामा' लिहिलेला निळा डबा अजून काउंटरच्या कोपऱ्यात होता. त्याने तो उगीचच फिरवून ठेवला.

"मी त्या माणसाच्या इंजिनाची किती काळजी केली, माहीत आहे?" तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, गाडी घाटात बंद पडली असेल, तुम्ही आत असाल, आणि ते सगळं माझ्यामुळे..."

"माफ करा मला."

तेवढ्यात वर्तमानपत्र खाली आलं. बाबांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," ते म्हणाले.

"बाबा?"

"अरे, गिऱ्हाइकाने डबा हातात घेतला की ते आधी किंमत बघतं. तू पाठ वळवलीस तेव्हा हिने डबा उलटा केला आणि तळाचा बॅच नंबर वाचला. म्हटलं, ही साधी भाची नव्हे. मामांबद्दलही मला खात्री वाटत नव्हती."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"कशाला सांगू? आपला माल चोख आहे, बघू दे की! आणि खरं सांगू?" बाबांनी पेपराची घडी केली. "डबा उलटा करून बघणारी मुलगी या घरात यावी, असं मला तेव्हाच वाटलं होतं. तुझ्या त्या व्हॅनकडे बघायला कुणीतरी हवंच आहे."

ती लाजली, पण व्हॅन म्हटल्याबरोबर तिच्यातली तपासनीस जागी झाली. ती तरातरा बाहेर गेली, बॉनेट उघडायला लावलं, तेलाची पातळी बघायची पट्टी उपसली आणि पर्समधून गाळणकागद काढून त्यावर एक थेंब सोडला. चांगलं तेल असतं तर डाग ऐसपैस पसरला असता, कडेला फिकट होत गेला असता. हा मधेच काळाकुट्ट होऊन बसला. हलायला तयार नाही.

"बघा!" तिने तो कागद त्याच्या नाकासमोर धरला. इतके दिवस दाबून ठेवलेलं व्याख्यान बाहेर पडलं. "ही काय दशा केलीय हिची? गावभर लोकांना शिक्के वाचायला शिकवता आणि घरच्या या पेट्रोलच्या व्हॅनला सगळ्यांची सरमिसळ! हिला कुणी विचारायचं, पुस्तक काय म्हणतं ते? लाज नाही वाटत?"

तो ऐकत होता. पापणी न हलवता, वेड्यासारखी मान डोलवून.

"काय बघताय?"

"काही नाही. तुम्ही फार छान सांगता." आणि मग गेलेलं हसू हळूहळू त्याच्या ओठांवर परत आलं. "एवढं सगळं येत होतं तुम्हाला, आणि त्या दिवशी माझं ते 'एस' आणि 'सी' मुकाट्याने ऐकून घेतलंत?"

"पुन्हा सांगितलंत तरी ऐकीन. कितीही वेळा."

वारा पडला होता. समोरच्या दुकानांचे दिवे एकेक करून लागत होते. ती आत गेली, काउंटरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली, बट कानामागे सारली आणि म्हणाली, "हा चंदेरी डबा द्या."

तो काउंटरमागे गेला. बाह्या दुमडल्या. चेहरा होता होईल तेवढा गंभीर केला. "कुठल्या गाडीसाठी?"

"ज्या गाडीतून आज तू मला घरी सोडणार आहेस, तिच्यासाठी."

'तू' ऐकून त्याने दुमडलेल्या बाह्या पुन्हा एकदा दुमडल्या. मागे वर्तमानपत्र घाईघाईने पुन्हा वर गेलं.

"पेट्रोल..." त्याचा आवाज जरा अडखळला, "पेट्रोल की डिझेल?"

"पेट्रोल," ती म्हणाली, त्याच्या डोळ्यांत बघून, जराही न गडबडता.

आणि त्याने डबा काढून तिच्या हातात दिला.